कोरा रकाना

क्लाक्सविकच्या मासळी-गोदामात
रानवा नव्या पोराला सांगते:
वरची ओळ आधी गोठव,
मग कितीही खाली उतर,
कुठला रकाना कशाचा, विसरणार नाहीस.
चौकटी जोडू नकोस. दिसतं छान,
पण फिल्टर लावलास की सगळं विस्कटतं.
तारीख एकाच पद्धतीनं.
आणि आकड्याला 'किलो' चिकटवू नकोस रे,
बेरीज आंधळी होते.

बोअर्दुर मान डोलावतो, बोटांना कॉडचा वास.
मग एका ओळीशी थबकतो:
'स्वानुर', मार्चमधली, वजन कोरं.
शून्य टाकू?

नको.
शून्य म्हणजे गेली, परतली,
जाळ्यात काही आलं नाही.

कोरं सरासरीत धरत नाहीत, ती म्हणते,
आणि कंट्रोल-एस दाबते
काहीच बदललेलं नसताना.