मीस

असोळण्याला बदली झाली त्या आठवड्यात
पेर्पेत दारावरून घाईने जाता जाता विचारत होती,
"किती वाजले मास्तर? मीस चुकली की काय माझी?"

मी मराठीचा मास्तर. घरी येऊन कोश काढला,
'मिष'वर बोट ठेवलं: निमित्त, सबब, बहाणा.
पटलंही. इस्त्रीच्या झग्याला, पायरीवरच्या चार गोष्टींना
निमित्त तर लागतंच.

इनास सांक्रिस्तांव हसला.
घंटेच्या दोराने त्याचे तळवे गुळगुळीत झालेले.
"मिष नव्हे हो, मिस्सा.
मी पोर होतो तेव्हा पाद्री आमच्याकडे पाठ करून
लातिनात बोलायचा, काडीचं कळायचं नाही.
शेवटाला मात्र वळायचा, हात पसरायचा:
ईते, मिस्सा एस्त.
जा. झाली पाठवणी."

ते शेवटचं मिस्साच मग सगळ्याचं नाव झालं,
भाकरीचं, द्राक्षरसाचं, दुखऱ्या गुडघ्यांचं.
गलबतात बसून इथे आलं
आणि तोंडातोंडात झिजून मीस उरलं.

पाठवणी.
हा शब्द आम्ही लेकींसाठी राखून ठेवलेला.
आणि अख्ख्या पूजेला तिच्या शेवटच्या वाक्याचं नाव?
जसं कुणी जेवणाला आचवणं म्हणावं.
आम्ही तर उंबऱ्यावर 'जातो' म्हणतच नाही.
आईने एकदा मला फाटकातून परत बोलावलं होतं,
"आधी 'येतो' म्हण."

ऑक्टोबरात पेर्पेतचा फिलसू तारवावर निघाला.
पहाटेची मीस त्याच्या नावाने.
मी मागच्या बाकावर, चपला कुठे काढाव्यात ते न कळून
घालूनच बसलेला.
पाद्री म्हणाला, "शांतीन वचात."
आता कोकणीत, लोकांकडे तोंड करून,
तरी वाक्य तेच, दारापर्यंत हात धरून नेणारं.

बाहेर दाबोळीची टॅक्सी सुरूच होती.
पेर्पेतने त्याची कॉलर उगाच सारखी केली,
पुन्हा केली.
"येतां गे मांय."
"यो."

इनास दोर खुंटीला अडकवत होता.
त्याने दोन्ही ऐकलं असणार.
मला एवढंच म्हणाला,
"मेणबत्त्या विझवायला हात लावता का जरा?"

वातीचा वास बोटांना दुपारपर्यंत राहिला.
सातवीला त्या दिवशी 'जाणे' हे क्रियापद चालवायचं होतं.
मी ते उद्यावर टाकलं.