उभी रेघ

वेंगुर्ल्याच्या आमच्या काजू कारखान्यात
सर्व्हर ठेवलाय टरफलांच्या गोदामाला लागून.
खाऱ्या वाऱ्याने त्याचे स्क्रू गंजतात,
मी महिन्याकाठी फडक्याने पुसतो,
देवघरातली समई पुसावी तसे.

पुण्याहून भागवत आले होते, इस्त्रीचा सदरा,
तीन पानी कोटेशन:
दर माणशी, दर वर्षी,
आणि तळाला बारीक अक्षरात,
नूतनीकरण न झाल्यास प्रणाली फक्त वाचनापुरती उरेल.
कुबलशेठनी चष्मा न लावता सही केली.

दोन वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोलू.
फोन केला की कोणीतरी उचलायचं,
मला "सर" म्हणायचं,
जेवणवेळेच्या आत सगळं सुरळीत.

तिसऱ्या वर्षी, एकतीस मार्च, रात्री बारा.
आमचाच माल आम्हाला नुसता बघता येऊ लागला.
कंटेनर दारात, ड्रायव्हर मडगावचा, शिव्या कोंकणीत.
लॉट एकशे बेचाळीस पडद्यावर दिसतोय,
छापता येत नाही.
विहीर आपली, रहाट आपला,
कळशीला तेवढं दुसऱ्याचं कुलूप.

सकाळी शेडमध्ये जाऊन उगाच बसलो.
शेवंती फोडत होती. फक्त फोडत होती.
इंतीस सोलत होती.
द्रौपदा वेचत होती, मान वर न करता.
एकीच्या हातातलं दुसरीच्या सुपात.
द्रौपदाला फोडता येत नाही,
शेवंतीला दोनशे चाळीस आणि तीनशे वीसमधला फरक कळत नाही,
आणि संध्याकाळी डबे भरलेले असतात.

वर गेलो. अडगळीतल्या यंत्रावर लिनक्स चढवलं.
ग्रेप वेचतं, कट कापतं, सॉर्ट ओळीने लावतं,
एकाला दुसऱ्याचं काही माहीत नाही.
मधे एक उभी रेघ:
सुपातून सुपात.
अख्खा, पाकळी, तुकडा, कणी,
अर्ध्या ओळीत वर्षाचा हिशेब.

"कितक्याक पडला?" शेठनी विचारलं.
"फुकट."
ते हसले नाहीत.
"झिला, फुकट म्हंजे कोणाच्या खिशातसून?"

उत्तर श्रावणात मिळालं.
एका अपडेटनंतर रात्री दोनला छपाई मेली.
उचलायला फोन नाही, "सर" म्हणायला कोणी नाही,
नुसती माहितीची पानं,
कधी न पाहिलेल्या माणसाने, कुठल्याशा गावात,
माझं नाव माहीत नसताना
माझ्यासाठी लिहून ठेवलेली.
पाच वाजून गेल्यावर एक चुकलेला स्वल्पविराम सापडला.
बंदरात होड्यांची इंजिनं सुरू होत होती.

शेठ सकाळी माझे डोळे बघून म्हणाले,
"ही झोप खयच्या वहीत लिवायची?"
आणि खरंच लिहिली.
भागवतांच्या पानासमोर नवं खातं: जागरण.
रक्कम सांगत नाही. लायसनपेक्षा कमी,
माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त.

पगार आणि जीएसटी अजून भागवतांकडेच आहे.
कायदा दर महिन्याला कूस बदलतो,
आणि मलाही कधीतरी झोपायचं असतं.

"आणि तू गेलंस तर?" हेही शेठच.
म्हणून दोनशे पानी वही घातली, मराठीत,
प्रत्येक आज्ञेखाली तिचं काम.
इंतीसची लेक फिलू कॉलेज सुटलं की येते,
वही वाचते, नखं खाते, काही विचारत नाही.

काल बघतो तर
माझ्या सर्वांत जुन्या फाइलमधल्या चार ओळी तिने खोडलेल्या,
एक लिहिलेली. पळतेय. माझ्यापेक्षा वेगाने.
"न विचारता?" मी म्हणालो.
तिने काजूची कणी तोंडात टाकली.
"विचारूचा कोणाक?"