डेडस्टॉक

हिंगोलीत, पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात
मुंजाजी कऱ्हाळे रजिस्टर उघडतात.
लाल कापडी पाठ, कोपऱ्यांवर वाळलेली खळ.
"एकशे शहाण्णव नग," ते म्हणतात,
"दर एकतीस मार्चला मोजतो. तुम्हीही मोजा."

मी लॅपटॉप उघडते.
मोजायला मला उठावं लागत नाही
हे त्यांना कसं सांगावं, कळत नाही.

एक हाक सोडायची, एवढंच.
पत्ता एक ते पत्ता दोनशे चोपन्न,
मग पुढच्या शाखेची गल्ली.
जो आहे तो म्हणतो, आहे.
जो नाही त्याच्यासाठी एक सेकंद थांबायचं.
(शाळेत आमच्या बाई याहून जास्त थांबायच्या.)

सगळ्यात आधी सापडला माझाच लॅपटॉप.
मग प्रिंटर, कॅशियरचा संगणक,
मग अध्यक्षांच्या केबिनमधला टीव्ही,
जो रजिस्टरात "मॉनिटर, एक नग" आहे.
मुंजाजी खोकले. मी पुढं सरकले.

वसमतहून उत्तर आलं.
यादीत फक्त बारा आकडी पत्ता, कंपनीचं नाव.
पण मागच्या मे महिन्यात तो डबा मी उघडलाय,
मोंढ्यासमोरच्या शाखेत:
पंखा पिवळा, मदरबोर्ड पिवळा,
माझी नखं पुढं चार दिवस पिवळी.
इंदिरा बेंगाळ काउंटरवरून म्हणाल्या होत्या,
"कावीळ नाही ताई त्याला, हळदीचा सीझन आहे."
यासाठी माझ्याकडं रकाना नाही.

सेनगावला वीज नव्हती,
म्हणून सेनगावच नव्हतं.
"नाही कामून?" मुंजाजी चिडले,
"मी स्वतः नेऊन ठेवलेत, जीपमधून,
मांडीवर मॉनिटर घेऊन!"
साडेतीनला वीज आली. सेनगाव पुन्हा झालं.

बेरीज दोनशे तीन. सात जास्त.
चार निघाले कोणाकोणाचे मोबाइल,
एक बिल नसलेला कॅमेऱ्याचा रेकॉर्डर,
एक औंढ्याच्या शेख मुनीरनं पदरच्या पैशानं
लावलेला वायफायचा डबा.
("रेंजच येत नव्हती मॅडम. मागू कोणाला?")

सातवा राहिला. शिरड शहापूर.
मुंजाजींनी पान उलटून बोट ठेवलं:
शाखा बंद, तीन वर्षं झाली.
बोटाचं हजेरीयंत्र, एक नग, निकामी,
निर्लेखित. खाली तीन सह्या.
आणि ते माझ्या पडद्यावर हिरवं,
चोवीस मिलिसेकंदांत म्हणतंय, आहे.

फोन लावला. त्या गाळ्यात आता पिठाची गिरणी.
व्यंकटी मुळे पट्ट्याच्या आवाजावरून ओरडले,
"हाव, भिंतीवर हाय ना! न्यायला कोणी आलंच नाही.
पोरं येता-जाता बोट लावायलेत.
आतली बाई म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
पोरं पुन्हा लावतात."

लाइनचं भाडं दर महिन्याला जातंय, हेही सापडलं.
ते मी वेगळ्या कागदावर लिहिलं.

मग यंत्राच्या पोटातल्या नोंदी ओढल्या.
न ओळखलेली बोटं: अकरा हजार चारशे काही.
ओळखलेलं एकच.
दर सोमवारी, दहाच्या आसपास,
कर्मचारी क्रमांक सात. हजर.

मी विचारायच्या आत
मुंजाजींनी रजिस्टर मिटलं होतं.
"सटवाजी खिल्लारे. शिपाई.
शाखेबरोबर त्यालाही घरी बसवलं.
सोमवारी दळण घेऊन येत असंल."

पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी
एफडीचा व्याजदर विचारत होतं.

"हे यादीतून काढता येतं का?"
येतं, मी म्हणाले, पण यादी रात्री दोनला
आपोआप पुन्हा होते. ते उत्तर देईल
तोवर ते सापडत राहील.

त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं.
"मग काढून आणायला माणूस पाठवा," म्हणाले,
"पण सोमवारी नको."