एकशे बारा दोर

हा रस्ता माझ्या बाबांनी मोजलाय,
जाळ्याच्या दोरानं.
पंधरा वावांचा एक दोर,
एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या.
तलावाला पूर्ण फेर घालून आलो तेव्हा
दोघांच्याही पायांना गोखरू चिकटलेलं.
"एकशे बारा," ते म्हणाले,
"झाले तुझे तीन किलोमीटर.
वर चार पावलं जास्तीची, ती तरावाची."

तर ऐक प्रणोती,
उद्यापासून एकटी येणार म्हणतेस म्हणून सांगते.

चपला मारुतीच्या पायरीवर ठेवू नको, कुत्रं नेतं.
आंब्याच्या बेचक्यात अडकव.
तिथून पार सुरू होते,
जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी.
डावीकडे पाणी, उजवीकडे धानाच्या बांध्या,
पाण्यात आमच्या मोहल्ल्यातले डोंगे निघालेले असतात,
कुणी हाक मारली तर ओ देऊ नको,
श्वास तुटतो. हात वर कर, पुरे.
आणि पायाखाली बघ.
पहाटे दिवड आडवा पडलेला असतो,
त्याला काय माहीत तू भरतीवाली आहेस.

तेराव्या दोराला तुडुम.
खाली पाटात पाणी पडतं, एकसुरी,
छाती आपोआप त्या चालीवर येते.
पण ती चाल पाण्याची आहे, त्याला कुठं पोचायची घाई?
मी तिच्या नादी लागून
दोन महिने घालवले.

चाळिसाव्यापासून जंगल.
येन, बिजा, तेंदू, मधेच एखादा वाकडा मोह.
इथं पाय बदलतात.
मातीवर टाच बोलते, पानांवर चवडा.
फुलं पडायच्या दिवसांत फुलवंता काकी टोपली घेऊन असते,
"काहून परातेस वो पोरी, मागं कोन लागला?"
दोन वर्षं हेच विचारलं तिनं.
तिसऱ्या वर्षी मोहाखालून नीट वाट झाडून ठेवली.
माझ्यासाठी नाही,
फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून.

सत्तराव्यापाशी एकदा अस्वल होतं.
मी थांबले. घड्याळ थांबलं नाही.
ते सावकाश खात होतं,
दात गेलेली म्हातारी भाकर खाते तसं,
आणि मला इतका वेळ उभं राहायची सवय नव्हती.
वहीत त्या दिवसापुढं लिहिलंय: एकेचाळीस मिनिटं.
कारण लिहिलेलं नाही.

जिल्ह्याच्या मैदानावर चुन्याच्या रेघा होत्या.
साडेसात फेऱ्या,
दर फेरीला तीच पाण्याची टाकी,
तोच शिट्टीवाला, तीच त्याची खुर्ची.
पाचव्या फेरीत मला तुडुम ऐकू आलं.
मी हळू झाले की जोरात सुटले,
अजून ठरवता येत नाही.

अर्ध्या गुणानं गेलं.

बाबा काही बोलले नाहीत.
खुंटीवरचा दोर काढला, जाळ्याला परत ओवला,
आठवडाभरात त्याला मरळीचा वास आला.

मी मात्र दुसऱ्या दिवशीही पळाले, घड्याळ घरी ठेवून.
एक्याण्णवाव्या दोराला, देवधानाच्या काठाशी,
सारसाची जोडी उभी होती, माझ्याएवढी उंच.
मान वर करून ओरडली.
इतकी वर्षं तो आवाज मला
पलीकडच्या गावच्या भोंग्याचा वाटायचा,
आणि मी घाबरून वेग वाढवायचे.

घड्याळ तू घेऊन जा.
पट्टा तुटलाय, केसांचं रबर लाव.
डावं बटण अडकतं, दोनदा दाब.
शेवटचे दोन दोर शाळेच्या मागून जातात,
तिथं बारमाही चिखल,
कुणाच्या नळाचा ते ग्रामपंचायतीलाही माहीत नाही.
तिथं पळू नको.
तिथं मीसुद्धा चालते.