शिशाचा तुकडा

यौनी फोनवर सांगतोय, मावशी, आता नाही तर कधीच नाही.

मी खिडकीशी. दुपारचे तीन, आणि बाहेर मिट्ट.
कायानीत डिसेंबर असाच,
दिवस दारात डोकावतो आणि ओशाळून परत जातो.
टेबलावर बँकेचं पत्र:
वडिलांच्या जंगलातले स्प्रूस तोडून नेल्यावर आलेले
अठ्ठावीस हजार युरो.
साठ वर्षांचं लाकूड, एका ओळीत.

किर्कास कंपनी, तो म्हणतो, वसंतात चष्मा आणतेय.
डोळ्यांवर चढवला की परकी भाषा आपली होते,
विसरलेल्या माणसाचं नाव समोर उमटतं.
पुढच्या वर्षी बॅटरी, भूर्जाच्या सालीएवढी पातळ,
महिन्यातून एकदा चार्ज केली की झालं.
शेअर आज बेचाळीसला आहे. तेव्हा बघ.

तेव्हा बघ.
म्हैस अजून पाण्यात,
आणि हा काठावर खरवसाच्या वाट्या मांडून बसलाय.

त्याने पाठवलेली फिल्म मी पाहिली.
काळ्या सदऱ्यातला एक मुलगा रंगमंचावर फिरत होता,
चष्मा दोन बोटांत धरून.
सगळे टाळ्या वाजवत होते. मी त्याचं मनगट बघत होते.

एकोणीस वर्षं मी फोनच्या कारखान्यात होते,
तपासणीच्या टेबलावर,
सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरचे थेंब मोजत.
एका फेब्रुवारीत सेप्पाला साहेब आले,
म्हणाले, ओनेर्वा, प्रदर्शनासाठी बारा फोन हवेत.
आत काही नको. काच तेवढी चमकू दे.
पण पोकळ वस्तू हाताला लगेच कळते,
म्हणून मी प्रत्येकात शिशाचा तुकडा चिकटवला,
आमच्या वेइक्कोच्या मासेमारीच्या डब्यातला.
त्रेसष्ट ग्रॅम.
पाहुण्यांनी तोलून पाहिले, माना डोलावल्या.
संध्याकाळी शेअर नऊ टक्क्यांनी वर.

म्हणजे सगळं ढोंग? यौनी हसतो.

तसं असतं तर सोपं होतं रे.
तो फोन आला. दोन वर्षं उशिरा, पण आला,
शिशाच्या जागी खरं काळीज घेऊन.
चांगला होता. मोज्यांच्या खणात पडलाय माझ्या,
अजून चालू होतो.
लोकांनी थंडीत रांगा लावल्या,
आणि त्याच आठवड्यात शेअर कोसळला.
का, ते मला कितीतरी दिवस उमगेना.
पगारविभागातल्या इर्मेलीने कॅन्टीनमध्ये सूप ढवळत सांगितलं,
अगं, ह्याचे पैसे लोकांनी केव्हाच मोजलेत,
त्या शिशालाच.
आता त्यांना ह्याच्या पुढचं काहीतरी हवंय.

तेव्हा चष्मा येणार का, हे मी विचारत नाही.
येईलही.
बेचाळीस युरोंत तो आधीच किती वेळा येऊन गेलाय,
ते कुणी सांगेल का?

काल तळ्यावर गेले होते, वेइक्कोचा गिरमिट घेऊन.
वरून बर्फ नेहमीच जाड दिसतो.
भोक पाडलं, बोटं घातली. चार बोटं.
एका म्हातारीला पुरे. ट्रॅक्टरला नाही.

मावशी, आहेस ना?

आहे.
ऐक, जंगलात तळ्याच्या अंगाला एक वाकडा स्प्रूस होता,
वीज पडून दुभंगलेला.
लाकूडवाल्याने त्याचे वेगळे लावले, शहाऐंशी युरो.
तेवढ्याचे घे.
दोन शेअर येतील, दोन युरो उरतील.

तो गप्प. मग म्हणतो, दोन?

दोन.
आणि त्या काळ्या सदऱ्यातल्या मुलाला कधी भेटलास
तर चष्मा हातात घेऊन तोलून बघ.
आत काय चिकटवलंय, ते विचारू नकोस.
चिकटवलं कोणी,
तिचं नाव विचार.