कवडीपाटावर मोजणी

पौषातला रविवार, सकाळचे साडेसहा.
कवडीच्या जुन्या बंधाऱ्यावर
नदीआधी फेस दिसतो,
साऱ्या पुण्याचं धुणं इथवर येऊन पांढरं झालेलं.
पोरांनी नाकाला रुमाल लावलेत.
आफरीनने नाही लावला.
म्हणते, वासाने पक्षी उडत नाहीत ना बाई,
मग आपण कशाला?

एक दुर्बीण, तेरा पोरं.
साठ आकडे होईपर्यंत एकाने बघायचं.
धीरज घुले एकोणसाठपर्यंत येतो
आणि हळूच पुन्हा एकोणपन्नासवर जातो.

वहीत तारीख, वारा, ढग, मग पक्षी.
शेकाट्या बेचाळीस.
धोबी सात.
चक्रवाक दोन, आणि दोघांच्या मधे एक टायर.
टायर लिहायचा का, बाई?
लिही.

माझ्या गावची मोजणी वेगळी होती.
देवगडाखालच्या पुळणीवर
ओहोटीला खडक उघडे पडायचे
आणि खळग्याखळग्यांत वीतभर समुद्र मागे राहायचा.
त्यात वाकून बघत आम्ही दुपार संपवायचो:
कालवं, एखादा तारामासा,
दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा,
हात लावला की दार लावून घेणारा.
रापणीचा दोर ओढता ओढता बाबा ओरडायचे,
"पाण्याक पाठ दाखवू नको गो!"
विज्ञान मी एवढंच शिकले.
बाकीचं डीएडला पाठ केलं.

नोकरी लागली ती या नदीकाठी.
ही सह्याद्रीत जन्मते, समुद्र हाकेवर असतो,
आणि ही पाठ फिरवून
अख्खा देश ओलांडायला निघते.
पहिल्याच वर्षी, याच बंधाऱ्यावर,
माझ्या तोंडून निघून गेलं,
"ओहोटी किती वाजता लागते इथे?"
वर्ग आठवडाभर हसत होता.

लहू केवटे हसला नाही.
थर्मोकोलच्या तराफ्यावर मांडी घालून,
हातातल्या दोन थाळ्यांनी पाणी मागे सारत
तो जवळ आला.
"भरती हाय की बाई.
खडकवासल्याला दारं उचलली
का रातच्याला हितं पानी चढतं.
त्याच्या आत जाळं काढायचं.
आपला चंद्र तिकडं, पाटबंधाऱ्याच्या हापिसात."

आज त्याच्या जाळ्यात तीन चिलापी,
एक चप्पल, देवाच्या फोटोची चौकट.
चौकट त्याने धुऊन उन्हात ठेवली.

"पांढरे," आफरीन म्हणाली, दुर्बीण न मागता.

कुरव. चौदा.
हिवाळ्यात यांच्या डोक्याचा तपकिरी रंग उतरतो,
कानामागे शाईचा ठिपका तेवढा राहतो,
घाईत पेन झटकल्यासारखा.
पोरं ठिपका शोधत होती
आणि मी डोळे मिटून उभी होते.
तोच आवाज.
रापण काठाला लागताना
आमच्या डोक्यावर भांडत फिरणारा,
चिडका, चिरका, ओळखीचा.
इथे तो निर्माल्याच्या पिशव्यांवर फिरत होता.
एकाने फेसात चोच मारली,
बाहेर काढली, झटकली,
पुन्हा मारली.

वहीत शेवटचा रकाना: कुठून आले?
आफरीनने लिहिलं, बाईंच्या गावाहून.
मी खाली लाल शाईने लिहिलं, लडाखकडून.
तिचं खोडलं नाही.

निघताना पोरं मोजायची असतात.
मी उलटी चालत मोजते,
तोंड त्यांच्याकडे,
म्हणजे त्यांच्यामागच्या पाण्याकडेही.
दहा, अकरा, बारा.
पुन्हा मोजलं. बारा.
बंधाऱ्याच्या टोकाला
धीरज दुर्बीण लावून उभा,
ओठ हलतायत,
एकोणसाठ,
एकोणपन्नास.