आठव्या दिवसाची मोजणी

आकडा सुबक होता : ब्याऐंशी टक्के.
मुंजाजीचं अक्षर नेहमीसारखंच,
शेंगेतल्या दाण्यांसारखं ओळीत.
खाली माझी सही.

सहज म्हणून गुंडाळी हातात घेतली
तर रबर तसंच, आठ दिवसांपूर्वी लावलेलं.
ओला कागद कुणी उलगडलाच नव्हता.

जालन्याच्या एमआयडीसीत दुपारी तीनला
पत्रा तापून कडकड बोलतो.
मी चारशे दाणे एकटीनं मोजले.
धड उगवलेले दोनशे शेहेचाळीस.
साडेएकसष्ट. सत्तरच्या खाली लॉट बाद.
तिकडं गोदामात पोत्यांना लेबलं शिवणं चालू होतं,
फोन करून मशीन बंद करायला लावलं.

एकोणीस दाणे उगवले नव्हते, मेलेही नव्हते.
चिमटीत दाबले तर आत घट्ट.
रजिस्टरात त्यांना वेगळा रकाना आहे.
उगवलेल्यांत धरायचे नाहीत,
टाकूनही द्यायचे नाहीत.

"काहून, मुंजाजी?"
तो फरशीवरचा एक दाणा बुटानं सरकवत राहिला.
त्याचं लेकरू घाटीत, बाराशे ग्रॅमचं, काचेच्या पेटीत,
हे काय मला माहीत नव्हतं?
मीच म्हणाले होते, रात्रीचा जात जा, इथलं मी बघते.
काय बघितलं मी?
त्याचे अकरा लॉट त्याच्याच नावावर राहिले.
पहाटेची एसटी धरून तो हजेरीला उभा
आणि मी सगळ्यांना कौतुकानं :
बघा, एक खाडा नाही.

शमीम कप विसळत म्हणाली, कुणालाच नाही असं :
"अम्मी गेली तवा माझे दोन दिवस बिनपगारी पडले होते."
नळ बराच वेळ वाहत राहिला.

मेमो चारदा लिहिला.
"नजरचुकीने" हा शब्द खोडला.
नजर चुकायला आधी ती इथं असावी लागते.
"न मोजता आकडा नोंदवला", हे ठेवलं.
त्याखाली, "न बघता सही केली", आणि माझं नाव.
खडके साहेब म्हणाले, मॅडम, हे खालचं कशाला,
वर जाईल कागद.
म्हटलं, जाऊ द्या.
शमीमच्या दोन दिवसांचंही पत्र जोडलंय.
त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आठ लॉट पंचफुलानं, शमीमनं, मी वाटून घेतले.
शमीमनं तिचे मुकाट्यानं उचलले,
माझ्याकडं बघितलं नाही.

मुंजाजीनं मेमोवर सही केली, हात पुसले.
"आज सहाच्या गाडीनं जाऊ का?"
"जा. पण ही उलगडून जा."

तो समोर बसला. कागद पसरला.
एक, दोन, तीन, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं.
त्रेचाळीसवर खिशातला फोन थरथरला.
त्यानं बोट दाण्यावरून हलवलं नाही.

"घे," मी म्हटलं,
"त्रेचाळीस झालेत. मी धरून ठेवते."